जुना बिनतारी संच हॅमच्या पट्ट्यात आणताना

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूर जिल्ह्यातले एक विज्ञानशिक्षक नांदेडला आमच्याकडे आले. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी पेटी होती. दोनेक किलो वजन, पुढच्या बाजूला आवाजाची कळ, चार वाहिन्या निवडायची दुसरी कळ आणि पिळदार वायरला लोंबकळणारा माइक. मालमोटारी चालवणाऱ्या एका कंपनीने मोबाइल आल्यावर आपले सगळे बिनतारी संच काढून टाकले होते, त्यातला हा एक. "सर, आपल्या हॅमच्या कामाला हा येईल का?" त्यांनी विचारले. आम्ही पेटी हातात घेण्याआधीच विचारले, "कागद आणलाय का?"

ते थोडे हिरमुसले. संचाचा मेक, वॅट, नकाशा असे काहीतरी आम्ही विचारू अशी त्यांची अपेक्षा होती. पण या विषयात कागद पहिला आणि डाग देण्याची सळई नंतर, हे आम्ही स्वतः ठेचा खाऊन शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारात स्वस्तात मिळाले म्हणून आमच्यातल्या एकाने दोन संच उचलून आणले. ते कोणाचे, कुठून आले, याचा पत्ता विकणाऱ्यालाही नव्हता. शेवटी ते परत नेऊन दिले आणि पैसे बुडाले ते बुडाले. सरांच्या संचाबरोबर मात्र कंपनीचे पत्र होते. आमच्यातल्या एका परवानाधारकाने तो रीतसर लिहून घेतला आणि सरांनी हॅमची परीक्षा द्यायचे कबूल केले. ती त्यांनी पुढे दिली, पासही झाले. तोपर्यंत जे काम चालले त्यावर हा लेख आहे.

हॅम म्हणजे हौशी रेडिओधारक. धंद्यासाठी नव्हे, शिकण्यासाठी आणि प्रयोगासाठी बिनतारी यंत्रे बाळगणारी, चालवणारी माणसे. आपल्याकडे वयाची बारा वर्षे पुरी झालेल्या कोणालाही केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. परीक्षेत वीज व इलेक्ट्रॉनिक्सची मूलतत्त्वे आणि रेडिओचे नियम असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्स संकेतलिपीही लागते. पास झाल्यावर व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारी स्वतंत्र खूण मिळते आणि ती दर संभाषणात सांगावी लागते. परवान्याशिवाय प्रक्षेपक बाळगणे १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून गुन्हा आहे. २०२३ साली संसदेने मंजूर केलेल्या दूरसंचार कायद्यातही परवानगीचे बंधन आहेच. शाळेत प्रयोग करायचा तरी परवानाधारक शिक्षक हजर हवा, ही गोष्ट विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावी.

मग इतका खटाटोप कशासाठी? मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. याचे उत्तर आमच्या भागात फार लांब शोधावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे उशिरा झोपलेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदे असलेली घरे बसली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. मोबाइल सेवा देशात १९९५ साली सुरू झाली, म्हणजे तेव्हा ती नव्हतीच. गावात फोन असला तर एखादा, तोही तारेवरचा. कोणत्या गावात डॉक्टर हवेत, कुठे पाणी संपले, कुठे तंबू जास्त झाले, हे एका गावातून दुसऱ्या गावी कळवायला माणूसच पाठवावा लागे. अशा वेळी देशातल्या हौशी रेडिओधारकांपैकी काही जण आपापले संच, बॅटऱ्या आणि वायरीची भेंडोळी घेऊन त्या भागात गेले आणि निरोप पोचवण्याचे काम त्यांनी केले.

आज मोबाइलचे मनोरे जागोजागी आहेत. पण मनोऱ्याला वीज लागते, त्याच्या बॅटरीला मर्यादा असते आणि सगळा जिल्हा एकाच वेळी फोन लावू लागला की वाट तुंबते. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नुकसान मोठे झाले नाही, पण किल्लारी आठवणाऱ्या घरांतली माणसे अंगणात येऊन उभी राहिली. त्या सकाळी नांदेडहून लातूरशी स्वतःच्या यंत्रावर बोलता येईल असे किती जण आपल्या ओळखीत आहेत, असा प्रश्न आम्हालाही पडला. नवीन हॅम संच महाग असतात. टाकून दिलेले व्यापारी संच मात्र धूळ, धक्के आणि उन्हात चालत्या गाडीत बारा-पंधरा वर्षे टिकण्यासाठीच बनवलेले असतात.

एकच आकडा, पण साऱ्या संचात पसरलेला

व्यापारी संच आणि हॅम संच यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही. दोन्ही एफएम पद्धतीने, म्हणजे आवाजानुसार वारंवारता किंचित खालीवर करून बोलतात. फरक आहे तो पट्ट्याचा. पोलीस, कारखाने, वाहतूक कंपन्या यांना दिलेल्या वाहिन्या साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात विखुरलेल्या असतात. त्याच पट्ट्याच्या पोटात, भारतात हौशींसाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एवढी जागा आहे. तरंगलांबी दोन मीटरच्या जवळपास येते म्हणून तिला दोन मीटरचा पट्टा म्हणतात. परदेशी पुस्तकांत हा पट्टा १४८ पर्यंत दिलेला आढळतो. अमेरिकेत ते खरे आहे, आपल्याकडे नाही. त्या पुस्तकातला १४७ चा आकडा जशास तसा उचलला तर आपण दुसऱ्याच्या वाहिनीवर जाऊन बसू.

सरांच्या संचाची पहिली वाहिनी १६०.२०० मेगाहर्ट्झवर होती असे धरू. आपल्याला ती १४५.५०० वर आणायची आहे. पाहायला गेले तर एक आकडा बदलायचा. परंतु हा आकडा संचात एकाच जागी लिहिलेला नसतो. तो क्रिस्टलमध्ये असतो, प्रत्येक कॉइलमध्ये असतो, गाळण्यांमध्ये असतो आणि छतावरच्या अँटेनाच्या लांबीतही असतो. एका ठिकाणी बदलला आणि इतरत्र जुनाच राहिला तर संच मुका तरी होतो, बहिरा तरी, नाहीतर तापून जळतो.

क्रिस्टलपासून सुरुवात करू. क्वार्ट्झची पातळ पाती ठरावीक वेगाने थरथरते आणि हा वेग तिच्या जाडीवर अवलंबून असतो. पाती जितकी पातळ तितकी वारंवारता जास्त. १२ मेगाहर्ट्झसाठी पाती सुमारे ०.१४ मिलिमीटर जाड लागते. थेट १४५ मेगाहर्ट्झसाठी ती ०.०११ मिलिमीटर करावी लागेल, म्हणजे घासतानाच तुटणार. म्हणून जुन्या संचांत क्रिस्टल कमी वारंवारतेचे घेत आणि पुढच्या टप्प्यांत ती वाढवत नेत. आमच्या संचात पहिल्या टप्प्यात तिप्पट, मग दुप्पट, मग पुन्हा दुप्पट, अशी एकूण बारा पट होती. जुने क्रिस्टल १३.३५० चे. त्याचे ४०.०५०, मग ८०.१००, मग १६०.२००. आपल्याला हवे १४५.५०० भागिले १२, म्हणजे १२.१२५ मेगाहर्ट्झचे. तिप्पट ३६.३७५, दुप्पट ७२.७५० आणि पुन्हा दुप्पट १४५.५००. हे गणित आठवीचा मुलगाही करतो. करू द्यावे, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर काय मोजायचे ते त्याला आपोआप कळते.

इथे एक गोम आहे. वारंवारतेबरोबर चूकही बारा पट होते. क्रिस्टल १०० हर्ट्झने सरकले तर बाहेर १२०० हर्ट्झचा फरक दिसतो. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या संचाच्या आत किती तापते ते सांगायला नको. डिसेंबरच्या पहाटे नीट जुळवलेला संच वैशाखातल्या दुपारी तपासावा लागतो. क्रिस्टलशेजारच्या बारीक ट्रिमरने तो जागेवर आणता येतो.

ऐकण्याच्या बाजूला दुसरे क्रिस्टल असते आणि त्याचे गणित वेगळे. ग्राहक संच आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळतो आणि दोघींमधल्या फरकाची, बहुधा १०.७ मेगाहर्ट्झची, लहर पुढे पाठवतो. वाहिनी कुठलीही असो, पुढच्या भागाला कायम १०.७ चेच काम करावे लागते, ही त्यातली सोय. १४५.५०० ऐकायचे तर आतली लहर १३४.८०० ची हवी. क्रिस्टल तिप्पट होत असेल तर ते ४४.९३३३ चे घ्यावे लागेल. आता मुलांना असा प्रश्न विचारून पाहा की आतली लहर १३४.८०० ची असताना आणखी कुठल्या लहरीशी तिचा फरक १०.७ येतो? उत्तर आहे १२४.१००. विमाने आणि विमानतळ यांच्या बोलण्याचा पट्टा नेमका तिथे आहे. पुढची गाळणी जुळलेली नसेल तर हॅमऐवजी वैमानिकाची कुजबूज संचात घुसू शकते. या जुळ्या भावाला अडवायचे काम त्या गाळण्यांचे आहे, म्हणून त्यांना विसरून चालत नाही.

चार पूर्णांक सात पिकोफॅरड

क्रिस्टल बदलून सर थांबले असते तर त्यांच्या हाती काहीच लागले नसते, कारण मधल्या कॉइल अजून १६० मेगाहर्ट्झच्याच होत्या. कॉइल आणि कंडेन्सर यांची जोडी एका ठरावीक वारंवारतेलाच साथ देते. ही वारंवारता कंडेन्सरच्या धारितेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते हे बारावीच्या पुस्तकात आहे. १६०.२ वरून १४५.५ वर यायचे तर वारंवारता ०.९०८ पट करायची, म्हणजे धारिता १.२१ पट. मूळ कंडेन्सर २२ पिकोफॅरडचा होता. त्याला समांतर ४.७ चा जोडला की २६.७ होतात, आणि २६.७ भागिले २२ बरोबर १.२१. बाजारात सहज मिळणारा ४.७ चा कंडेन्सर इतका चपखल बसावा याचे आम्हालाही कौतुक वाटले. खरे तर तारांची आणि पट्ट्यांची स्वतःची थोडी धारिता असते, त्यामुळे हिशेब अगदी तंतोतंत उतरत नाही. उरलेला फरक कॉइलच्या पोटातला फेराइटचा गाभा फिरवून भरून काढायचा.

गाभा फिरवायला लोखंडी पेचकस चालत नाही. पेचकस आत गेला की लोखंडामुळे कॉइलचाच गुण बदलतो, आकडा जुळल्यासारखा वाटतो आणि पेचकस बाहेर काढला की पुन्हा बिघडतो. परदेशी सामानात प्लास्टिकचे खास पेचकस मिळतात. आम्ही सरांच्या घरातली प्लास्टिकची विणकामाची सुई घेतली, तिचे टोक कानशीने चपटे केले आणि काम भागवले. घाई मात्र करू नये. फेराइट ठिसूळ असते. गाभ्याचा एक कोपरा तुटला की तो कॉइलमध्ये कायमचा अडकतो.

ग्राहकाच्या तोंडाशी असलेल्या गाळण्या धातूच्या कप्प्यांच्या असतात. प्रत्येक कप्प्यात चांदीचा मुलामा दिलेली एक जाड कॉइल आणि वरून आत उतरणारा स्क्रू. स्क्रू आत गेला की धारिता वाढते आणि वारंवारता उतरते. आपल्याला खाली यायचे आहे, म्हणून सगळे स्क्रू थोडे थोडे आत. थोडे थोडे हे महत्त्वाचे. एकच स्क्रू एकदम पुरा फिरवला तर संकेत नाहीसा होतो आणि कुठल्या कप्प्यात चुकले ते कळत नाही. जुळवण्यासाठी क्षीण पण स्थिर संकेत लागतो. प्रयोगशाळेत त्याला सिग्नल जनरेटर असतो, आमच्याकडे दुसरा परवानाधारक होता. तो आपला हातातला संच घेऊन मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि आम्ही आवाजातली खरखर कमी होत जाते का ते कानाने ऐकत स्क्रू फिरवले. खरखर कमी झाली की त्याने आणखी लांब जायचे. तो शेवटी रस्त्यावर पोचला होता.

हलगी आणि लेझीम

१९८० नंतरच्या बऱ्याच संचांत वाहिनीगणिक क्रिस्टल नसते. एकच क्रिस्टल आणि त्यावरून हवी ती वारंवारता बनवणारी मोजणीची रचना असते. ती समजावताना आम्हाला लेझमीचा उपयोग होतो. हलगीचा ठोका एकसारखा पडतो आहे. मुले पावले टाकताहेत, पण त्यांचा वेग स्वतःचा आहे. एक मुलगा पावले मोजतो आणि दर सोळाव्या पावलाला हात वर करतो. हात ठोक्याच्या आधी वर गेला तर गुरुजी खुणावतात, सावकाश. मागे राहिला तर खुणावतात, जोरात. थोड्या वेळात हात आणि ठोका एकत्र येतात, आणि मुलांचा वेग ठोक्याच्या बरोबर सोळा पट होतो. आता मोजणाऱ्याला सांगा, सोळाऐवजी चौदाव्या पावलाला हात वर कर. हलगी तीच, पण मुले आपोआप चौदा पटीवर उतरतील.

संचात हलगी असते १२.५ किलोहर्ट्झची, क्रिस्टलवरून भागून मिळवलेली. मुलांच्या जागी असतो व्होल्टेजने वेग बदलणारा आंदोलक. १६०.२०० साठी मोजणी होती १२,८१६. १४५.५०० साठी ती ११,६४० करायची. हा आकडा एका लहानशा स्मृतिचिपमध्ये साठवलेला असतो. जुन्या चिपांना वर काचेची खिडकी असते. अतिनील दिव्याखाली धरून त्या कोऱ्या करतात, मग नवे आकडे भरतात आणि खिडकीवर काळी चिकटपट्टी लावतात. पट्टी लावायची राहिली तर उजेडाने आकडे पुसले जाऊ शकतात. त्यानंतरच्या संचांत हे काम संगणकाला केबल जोडून होते. त्यात हात काळे होत नाहीत, पण शिकायलाही कमी मिळते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

मोजणी बदलली म्हणजे झाले असेही नाही. गुरुजींनी कितीही खुणावले तरी मुलांच्या पायांना मर्यादा असतेच. आंदोलक १५० च्या खाली उतरूच शकत नसेल तर साखळी जुळत नाही आणि संचातला संरक्षक मंडल प्रक्षेपण बंद ठेवतो. अशा वेळी संच बिघडला असे समजून तो टाकून देणारे आम्ही पाहिले आहेत. आंदोलकाचा ट्रिमर फिरवून नियंत्रक व्होल्टेज मधोमध आणले की तो मुकाट्याने चालू लागतो.

आणखी एक फरक तपासावा लागतो. जुन्या वाहिन्यांमध्ये २५ किलोहर्ट्झचे अंतर असे आणि आवाजाने वारंवारता दोन्ही बाजूंना ५ किलोहर्ट्झपर्यंत सरके. नव्या अरुंद वाहिन्यांत अंतर १२.५ आणि सरकणे २.५ असते. अरुंद संच रुंद बोलणाऱ्याला ऐकू लागला तर शब्द फाटतात, उलट असेल तर आवाज दबका येतो. दोघांनी एकच ठरवून घ्यावे.

बोलण्याआधी

आमची मोठी चूक इथेच झाली होती. पहिल्यावहिल्या संचावर काम करताना अँटेना न जोडताच आम्ही माइकचे बटण दाबले, फक्त एकदा पाहावे म्हणून. प्रक्षेपकातून निघालेली ऊर्जा बाहेर जायला वाट नसेल तर उलट फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरवर येते. दोन-तीन सेकंदांत वास आला. तो ट्रान्झिस्टर संचाच्या निम्म्या किमतीचा होता.

त्यानंतर आम्ही आधी खोटी अँटेना बनवतो. १००० ओहमचे, २ वॅटचे, कार्बनचे वीस रोधक समांतर जोडले की ५० ओहम होतात आणि सगळे मिळून ४० वॅट उष्णता सोसतात. तार गुंडाळलेले रोधक चालणार नाहीत, कारण या वारंवारतेला ती वेटोळी कॉइलसारखी वागतात. हा भार जोडून प्रक्षेपण केले तर ऊर्जा उष्णतेत जाते, हवेत जवळजवळ काही जात नाही आणि शेजाऱ्यांना त्रास होत नाही. भारावरचे शिखर व्होल्टेज वेगवान डायोड आणि कंडेन्सरने मोजता येते. त्याचा वर्ग करून १०० ने भागले की वॅट मिळतात. १० वॅटच्या संचाला सुमारे ३१.६ व्होल्ट यायला हवेत. आम्हाला आधी २२ मिळाले, म्हणजे जेमतेम ५ वॅट. शेवटच्या टप्प्याचे ट्रिमर नव्या वारंवारतेला जुळवल्यावर आकडा ३१ पर्यंत चढला. नकाशात दिलेल्या वॅटच्या वर नेण्याचा मोह आवरावा.

गाडीवरची जुनी अँटेनाही कामाची नव्हती. पाव तरंगलांबीची दांडी १६०.२ ला सुमारे ४४.५ सेंटिमीटर असते, १४५.५ ला ४९. कापलेली दांडी वाढवता येत नाही. आम्ही वेल्डिंगच्या दुकानातून पितळी कांड्या आणल्या, एक उभी लावली आणि चार खाली तिरप्या पसरवल्या. खर्च चहापाण्याइतका.

वीज बॅटरीवरून घ्यावी, संच मुळात गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारेच असतात. २५ वॅटचा संच ऐकताना सुमारे ०.४ अँपिअर आणि बोलताना ५ अँपिअर घेतो असे धरा. तासात पाच मिनिटे बोलणे असेल तर सरासरी ०.७८ अँपिअर येते. गाडीची ४० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी एक दिवस आणि एक रात्र निघते.

किती लांब?

या वारंवारतेच्या लहरी ढोबळमानाने दिसण्याच्या रेषेत जातात. वातावरणामुळे त्या किंचित वाकतात, म्हणून रेडिओचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे लांब असते. दोन्ही अँटेनांच्या उंचीची, मीटरमध्ये, वर्गमुळे काढून बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतील. दोन माणसे मैदानात हातात संच धरून उभी असतील तर १० किलोमीटर. दोन्हीकडे १५ मीटरचे खांब असतील तर ३२. वाटेत टेकडी वा दाट वस्ती असेल तर यातून वजा करावे लागते.

आता हेच गणित आपल्या नकाशावर मांडू. लातूर ते किल्लारी सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे १५ मीटरच्या खांबांना थोडे जास्तच. पण औसा जवळजवळ मधोमध पडते. औशाच्या एखाद्या शाळेवर तिसरा संच असेल तर लातूरचा निरोप औशाला आणि औशाचा किल्लारीला सहज जातो. तिथल्या माणसाने ऐकायचे, लिहून घ्यायचे आणि पुढे सांगायचे. वेळ लागतो, परंतु कागदावर नोंद राहते, आणि आपत्तीच्या वेळी नोंद असलेली बरी.

नांदेड ते लातूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर आहे. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर वर पठारावर आणि मध्ये बालाघाटचे डोंगर. थेट बोलणे विसरावे. मात्र अहमदपूर साधारण मध्यावर येते आणि ते बालाघाटातच आहे. दोन्ही टोकांना १० मीटरचे खांब असतील आणि मधल्या अँटेनापर्यंत दोन्हीकडे ५५ किलोमीटर धरले, तर ती अँटेना भोवतालच्या मुलखापेक्षा शंभरेक मीटर उंच हवी. अशी टेकडी कोणती हे अहमदपूर-चाकूरकडच्या शाळांनी समोच्चरेषांचा नकाशा घेऊन शोधावे. भूगोलाच्या तासाला याहून चांगला गृहपाठ आम्हाला सुचत नाही.

तिथे माणसाऐवजी यंत्र बसवता येते. त्याला रिपीटर म्हणतात, आणि जुन्या व्यापारी संचांचा सर्वांत चांगला उपयोग आमच्या मते हाच आहे. एक संच १४५.००० वर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरा १४५.६०० वर तेच बोलतो. सांगायला सोपे आहे. पण बोलणाऱ्या संचाचे २५ वॅट म्हणजे ५० ओहमवर ३५ व्होल्ट, आणि शेजारच्या ऐकणाऱ्याला पाव मायक्रोव्होल्टही ऐकू यायला हवा. म्हणजे कानाशी चौदा कोटी पट जोरात ओरडणारा माणूस उभा असताना कुजबूज टिपायची. त्यासाठी अर्ध्या मीटरच्या आसपास उंचीच्या तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यांच्या गाळण्या बनवाव्या लागतात. शिवाय गाडीतला संच अधूनमधून बोलण्यासाठी बनवलेला असतो, तासन्‌तास नव्हे. म्हणून त्याची शक्ती निम्मी करून वर पंखा लावावा. रिपीटरसाठी परवानगीही वेगळी लागते.

शाळेपुरते सुरुवातीला इतके दूर जायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हौशी रेडिओचा संच आहे आणि तिथून बोलणे १४५.८०० वर खाली येते. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी याच सेवेतून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी संवाद साधला. स्थानक डोक्यावरून जाताना साध्या पितळी अँटेनालाही ऐकू येते, कारण मध्ये डोंगर नसतो. ते क्षितिजावर उगवताना वारंवारता सुमारे ३.५ किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकीच खाली सरकलेली आढळते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा धडा इथे कानांनी पडताळता येतो. आमचा बारा पटींचा संच रुंद वाहिनीचा असल्याने हे सरकणे त्याने पोटात घेतले. अरुंद संचावर सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द फाटके येतात.

सरांचा संच सध्या त्यांच्या घरी, त्यांच्या स्वतःच्या परवान्यावर आहे. जुनी चारही क्रिस्टले आम्ही काढून घेतली, जेणेकरून चुकूनही कोणाला मूळ कंपनीच्या वाहिनीवर बोलता येऊ नये. पेटीच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर जुनी वारंवारता, नवी वारंवारता, बदललेल्या कंडेन्सरांची जागा, भारावर मोजलेले व्होल्टेज, तारीख आणि काम करणाऱ्याची खूण लिहिली आहे. दहा वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला ४.७ चा जास्तीचा कंडेन्सर पाहून कोड्यात पडायला नको. ऐकण्याचे एक क्रिस्टल अजून मागवायचे आहे. ते आले की दुसरी वाहिनी चालू होईल.